विद्युत मोटार : मूल्यमापन कोणत्या मापाने?

२२ सप्टेंबर २०२५ पासून देशात वस्तू व सेवा कराचे सुधारित दर लागू झाले. चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या लहान पेट्रोल व डिझेल मोटारींवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मोठ्या मोटारींवर अधिभाराऐवजी सरसकट ४० टक्के कर ठरला. विद्युत मोटारींवरील ५ टक्के दर मात्र होता तसाच राहिला. त्याच महिन्यात व्होल्वो या मूळच्या स्वीडिश कंपनीने ‘ईएक्स ३०’ ही आपली सर्वांत लहान विद्युत एसयूव्ही भारतीय बाजारपेठेत आणली. तिची शोरूममधील किंमत ४१ लाख रुपये होती. वाहन उद्योगाच्या परिभाषेत ही ‘उंची श्रेणीतील प्रवेशस्तरीय मोटार’ होय. प्रवेशस्तरीय याचा अर्थ स्वस्त असा नव्हे. महाग मोटारी बनविणाऱ्या कंपनीची ती सर्वांत कमी किमतीची मोटार आहे, एवढाच त्याचा अर्थ.

अशा मोटारीचे मूल्यमापन ग्राहक एका पद्धतीने करतो आणि धोरणकर्त्याने ते दुसऱ्या पद्धतीने करावयाचे असते. ग्राहकाच्या दृष्टीने किंमत, एका चार्जिंगमधील पल्ला, सुरक्षितता व आराम हे निकष पुरेसे असतात. परंतु शासन जेव्हा एखाद्या वस्तूवरील कर कमी ठेवते, तेव्हा त्या सवलतीतून समाजाच्या पदरात काय पडते, हा प्रश्न अपरिहार्य ठरतो. प्रस्तुत लेखात ‘ईएक्स ३०’ हे एक उदाहरण घेऊन आणि टाटा मोटर्सच्या ‘नेक्सॉन ईव्ही’शी तिची तुलना करून हा प्रश्न तपासला आहे. दोन्ही मोटारी ‘लहान विद्युत एसयूव्ही’ या एकाच नावाने ओळखल्या जातात. पण हिशेब मांडला की त्या बऱ्याच दूर जातात.

‘लहान’ म्हणजे किती?

भारतात ‘कॉम्पॅक्ट’ या शब्दाला कररचनेने आकार दिला आहे. २००६-०७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणण्यात आले. लांबी ४,००० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १,२०० व डिझेलचे असल्यास १,५०० घन सेंटिमीटरच्या मर्यादेत असावे, अशी लहान मोटारीची व्याख्या पुढे रूढ झाली. परिणामी कंपन्यांनी मोटारींची शेपटी कापण्यास सुरुवात केली. २००८ मधील ‘इंडिगो सीएस’ ही त्याची सर्वपरिचित साक्ष आहे. नेक्सॉनची लांबी ४ मीटरच्या किंचित आत आहे, तीही याच कारणाने. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तरी ही व्याख्या टिकून राहिली.

विद्युत मोटारीला इंजिनच नसते आणि तिच्यावरील कर लांबीनुसार बदलत नाही. म्हणून ४.२३ मीटर लांबीची ‘ईएक्स ३०’ युरोपात लहान समजली जाते, भारतीय मोजणीने ती लहान ठरत नाही, आणि कर आकारताना या भेदाला काहीच अर्थ उरत नाही. पेट्रोल मोटारीच्या बाबतीत लांबी, इंजिनाची क्षमता, जमिनीपासूनची उंची यांचा इतका काटेकोर विचार करणारी आपली कररचना विद्युत मोटारीपाशी येताच एकच आकडा सांगते. या लेखातील पुढील सर्व हिशेब याच विसंगतीभोवती फिरतो.

पल्ल्याचा आकडा

जाहिरातीत सर्वांत ठळक असतो तो पल्ला. ‘ईएक्स ३०’च्या ६९ किलोवॉट-तास क्षमतेच्या बॅटरीचा पल्ला ४८० किलोमीटर सांगितला जातो. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या नेक्सॉनच्या ४५ किलोवॉट-तास बॅटरीचा पल्ला ४८९ किलोमीटर आहे. बॅटरी एक-तृतीयांशाने लहान, तरी पल्ला अधिक! परीक्षार्थीने येथे थांबून विचार करावा, कारण हे दोन आकडे दोन वेगवेगळ्या चाचण्यांतून आले आहेत.

पहिला आकडा ‘डब्ल्यूएलटीपी’ या आंतरराष्ट्रीय चाचणीचा आहे. त्यात सुमारे २३ किलोमीटरचा प्रवास प्रयोगशाळेतील रोलरवर घडविला जातो आणि वेग ताशी १३१ किलोमीटरपर्यंत नेला जातो. दुसरा आकडा ‘सुधारित भारतीय चालन चक्र’ या चाचणीचा आहे. तिच्या शहरी भागात वेग ताशी ५० किलोमीटरपुढे जात नाही आणि दुसऱ्या भागात तो ९० वर थांबतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून संथ चाचणीत पल्ला फुगलेला दिसतो. ही फसवणूक नव्हे. एका ठरावीक पट्टीने घेतलेले ते माप आहे आणि एकाच पट्टीने मोजलेल्या दोन मोटारींची तुलना करण्यासाठी ते उपयोगी पडते. दोन पट्ट्यांची सरमिसळ केली की ते निरुपयोगी होते. टाटा मोटर्स स्वतःच आता ‘सी ७५’ नावाचा वेगळा आकडा देते. तीन-चतुर्थांश ग्राहकांना प्रत्यक्षात मिळेल असा तो पल्ला या मोटारीसाठी सुमारे ३५० ते ३७० किलोमीटर आहे. प्रमाणपत्रातील आकड्यापेक्षा तो जवळजवळ एक-चतुर्थांशाने कमी भरतो.

तथापि मूल्यमापनासाठी पल्ला हा मुळातच दुय्यम निकष आहे. मोठी बॅटरी बसवून पल्ला कोणालाही वाढविता येतो. त्याबरोबर वजन व किंमतही वाढते. खरा निकष दर १०० किलोमीटरला किती युनिट वीज लागते, हा होय. पेट्रोल मोटारीचे आपण ‘ॲव्हरेज’ विचारतो, तसेच हे आहे. चार्जिंगमधील गळती धरून ‘ईएक्स ३०’ला १०० किलोमीटरसाठी साधारण १७.५ युनिट लागतात, असे चाचणीचे आकडे सांगतात. नेक्सॉनचा ‘सी ७५’ पल्ला प्रमाण मानून चार्जिंगमध्ये सुमारे १२ टक्के वीज वाया जाते असे धरल्यास तिला साधारण १४ युनिट लागतात. एक आकडा प्रयोगशाळेचा व दुसरा वापराचा असल्याने ही तुलना स्थूलच समजावी. प्रत्यक्ष रस्त्यावर पहिल्या मोटारीचा आकडा याहून वाढण्याचीच शक्यता अधिक. ‘ईएक्स ३०’ची शक्ती २७२ अश्वशक्ती आहे आणि शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग ती ५.३ सेकंदांत गाठते. शहरातील रोजच्या प्रवासासाठी या क्षमतेची गरज नसते, परंतु ‘उंची’ या विशेषणाची किंमत बऱ्याच अंशी तेथेच मोजलेली असते.

विजेमागचा कोळसा

विद्युत मोटारीतून धूर निघत नाही, हे खरे. दिल्लीसारख्या शहराच्या हवेच्या दृष्टीने एवढा एक गुणही मोठा आहे. परंतु कर्बवायूचा हिशेब मांडताना धुराडे कोठे आहे याला महत्त्व नसते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार २०२३-२४ मध्ये देशातील प्रत्येक युनिट वीजनिर्मितीमागे सरासरी ०.७२७ किलो कर्बवायू उत्सर्जित झाला. येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात ठेवावा. जून २०२५ मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेत जीवाश्मेतर स्रोतांचा वाटा ५० टक्क्यांवर गेला. परंतु क्षमता आणि निर्मिती या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सौर पॅनेल रात्री वीज देत नाही. कोळशाचे केंद्र देते. म्हणून प्रत्यक्ष निर्मितीत कोळशाचा वाटा अद्यापही सर्वांत मोठा आहे.

आता हिशेब करू. विजेच्या वहनात व वितरणात १५ टक्के वीज वाया जाते असे गृहीत धरले, तर ‘ईएक्स ३०’मागे दर किलोमीटरला सुमारे १५० ग्रॅम आणि नेक्सॉन ईव्हीमागे सुमारे १२० ग्रॅम कर्बवायू पडतो. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कर्बवायू बाहेर पडतो. खनिज तेल काढणे, त्याचे शुद्धीकरण व वाहतूक यांसाठी त्यात २० टक्के भर घातल्यास, लिटरला १४ किलोमीटर जाणारी पेट्रोल एसयूव्ही दर किलोमीटरला सुमारे १९७ ग्रॅम उत्सर्जन करते. लिटरला २० किलोमीटर जाणारी साधी पेट्रोल मोटार १३८ ग्रॅमवर थांबते. (पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचा विचार येथे केलेला नाही.)

म्हणजे आजच्या वीजनिर्मितीवर चालणारी वजनदार, शक्तिशाली विद्युत मोटार ही तिच्याच वर्गातील पेट्रोल एसयूव्हीपेक्षा निश्चितच स्वच्छ आहे. पण मध्यमवर्गीय कुटुंबाच्या लहान पेट्रोल मोटारीपेक्षा स्वच्छ आहे, असे म्हणता येत नाही. नेक्सॉन मात्र दोघींपेक्षा उजवी ठरते. आपल्या नियमांना हा भेद दिसत नाही. इंधन कार्यक्षमतेच्या ‘कॅफे’ मानकांचा दुसरा टप्पा एप्रिल २०२२ पासून लागू झाला आणि कंपनीच्या विकलेल्या सर्व मोटारींची सरासरी किलोमीटरमागे ११३ ग्रॅमच्या आसपास असावी असे त्याने ठरविले. या गणितात प्रत्येक विद्युत मोटारीचे उत्सर्जन शून्य धरले जाते आणि सरासरी काढताना तिची गणना तीन मोटारींइतकी होते. बाजारपेठ घडविण्यासाठी सुरुवातीला अशी सूट देणे समजण्यासारखे आहे. पण शून्य हा लेखनियम आहे, ते मोजमाप नव्हे, एवढे भान परीक्षार्थीने ठेवावे.

बॅटरी तयार होतानाही कर्बवायू बाहेर पडतो. स्वीडिश पर्यावरण संशोधन संस्था आयव्हीएलने २०१९ मध्ये हा आकडा दर किलोवॉट-तास क्षमतेमागे ६१ ते १०६ किलो इतका सांगितला. त्या मापाने ६९ किलोवॉट-तासाची बॅटरी जन्मतःच ४.२ ते ७.३ टन कर्बवायूचे कर्ज घेऊन येते. वर उल्लेखिलेल्या पेट्रोल एसयूव्हीशी तुलना करता ‘ईएक्स ३०’ला हे कर्ज फेडण्यास सुमारे ९० हजार ते दीड लाख किलोमीटर धावावे लागेल. नेक्सॉन ईव्हीची फेड ३६ ते ६२ हजार किलोमीटरमध्ये होते. उद्या वीजनिर्मितीतील उत्सर्जन युनिटमागे अर्ध्या किलोवर आले, तर ‘ईएक्स ३०’ची फेड ४५ ते ७८ हजार किलोमीटरवर येईल. विद्युत मोटारीचे हेच वैशिष्ट्य होय. पेट्रोल मोटार जुनी होत जाते तशी तिची कार्यक्षमता घटते. विद्युत मोटार मात्र जुनी होत असतानाही, तिच्यामागची वीज सुधारली तर, अधिक स्वच्छ होत जाते.

दिवसा, सौर ऊर्जेच्या वेळेत चार्जिंग केल्यास हा लाभ आजही मिळू शकतो. ऊर्जा मंत्रालयाच्या सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सार्वजनिक चार्जिंग केंद्रांना सकाळी ९ ते दुपारी ४ या काळात सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट आणि इतर वेळी १.३ पट दराने वीज द्यावयाची आहे. दिवसा कार्यालयाच्या वाहनतळावर उभी असलेली आणि रात्री घरी चार्ज होणारी मोटार या रचनेच्या बाहेरच राहते. म्हणून कार्यस्थळी चार्जिंगची सोय हा विषय वाटतो त्यापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे.

सवलत कोणाच्या पदरात?

केंद्र शासनाच्या थेट अनुदान योजनांनी या बाबतीत बरीच सावधगिरी बाळगली. एप्रिल २०१९ ते मार्च २०२४ या काळातील ‘फेम’ योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात चारचाकींसाठीचे अनुदान व्यावसायिक वापराच्या आणि कारखान्यातील किंमत १५ लाख रुपयांपर्यंत असलेल्या वाहनांनाच होते. १ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालेल्या १०,९०० कोटी रुपयांच्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेत खासगी मोटारींना अनुदान नाही. भर दुचाकी, तीनचाकी, बस, ट्रक व रुग्णवाहिका यांच्यावर आहे आणि २,००० कोटी रुपये चार्जिंगच्या सुविधांसाठी राखून ठेवले आहेत. विद्युत वाहनाच्या कर्जावरील दीड लाखापर्यंतच्या व्याजाची आयकर वजावट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरती होती.

थेट अनुदानाचे दार असे बंद असले तरी कराची खिडकी उघडी आहे. ४१ लाखांच्या मोटारीच्या किमतीत ५ टक्के दराने १.९५ लाख रुपये कर आहे. याच मूळ किमतीच्या मोठ्या पेट्रोल मोटारीवर ४० टक्के दराने १५.६२ लाख रुपये कर बसला असता. फरक सुमारे १३.६७ लाखांचा. १४ लाखांच्या नेक्सॉन ईव्हीवर ५ टक्के दराने सुमारे ६७ हजार रुपये कर लागतो. १८ टक्के दराने तो २ लाख ४० हजार झाला असता. येथे फरक सुमारे १.७३ लाखांचा. ज्या मोटारीची कर्बवायूची बचत कमी, तिला मिळणारी सवलत जवळजवळ आठपट आहे. हा पैसा अर्थसंकल्पात अनुदान म्हणून कोठेही दिसत नाही, कारण तो खर्च होत नाही. तो जमाच होत नाही. सार्वजनिक वित्तव्यवस्थेत यालाच ‘सोडलेला महसूल’ म्हणतात.

या युक्तिवादाला उत्तर आहे आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाही. ४० टक्के कर असता तर ही मोटार याच संख्येने विकली गेली असती, असे मानता येणार नाही. त्यामुळे सोडलेला महसूल हा संपूर्णपणे गमावलेला महसूल नव्हे. शिवाय नवे तंत्रज्ञान प्रथम महाग वस्तूत येते व नंतर खाली झिरपते. ‘ईएक्स ३०’ची जुळणी बंगळूरुजवळील होसकोटे येथे होते, म्हणजे काही रोजगारही येथेच राहतो. मार्च २०२४ मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या धोरणाचाही हाच आधार होता. किमान ४,१५० कोटी रुपयांची गुंतवणूक करणाऱ्या कंपनीस ३५ हजार डॉलर व त्यापुढील किमतीच्या मोटारी मर्यादित संख्येने १५ टक्के सीमाशुल्कावर आणण्याची मुभा त्यात देण्यात आली. तरीही सवलतीला किमतीची मर्यादा घालण्यास या मुद्द्यांपैकी कोणताही आड येतो, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. ‘फेम’मध्ये अशी मर्यादा होतीच.

राज्यांनी या दिशेने पावले टाकून पाहिली आहेत. कर्नाटकाने २०२४ मध्ये २५ लाख रुपयांहून महाग विद्युत मोटारींवर १० टक्के आजीव कर बसविला. महाराष्ट्राने मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरील विद्युत मोटारींवर ६ टक्के कर प्रस्तावित केला आणि त्याच महिन्यात तो मागे घेत असल्याची घोषणा विधिमंडळात केली. वीस दिवसांत उलटलेला हा निर्णय, राज्यांमध्ये वाहन नोंदणीसाठीची स्पर्धा असताना एकट्या राज्याला असा कर लावणे किती अवघड आहे, हे दाखवितो.

बॅटरीच्या पोटात

‘ईएक्स ३०’ची भारतात आलेली बॅटरी निकेल, मँगनीज व कोबाल्ट यांच्यावर आधारलेली आहे, नेक्सॉनची लोह-फॉस्फेटची. पहिल्या प्रकारात कमी वजनात अधिक ऊर्जा साठते, म्हणून उंची मोटारींत ती वापरतात. दुसरी जड असली तरी उष्णतेत अधिक स्थिर असते, अधिक वेळा चार्ज करता येते आणि तिला कोबाल्टची गरज नसते. जगातील कोबाल्टच्या खाणकामाचा सर्वांत मोठा भाग काँगो लोकशाही प्रजासत्ताकात आहे आणि शुद्धीकरण प्रामुख्याने चीनमध्ये. लिथियम दोन्हींत लागते. उन्हाळ्यात ४५ अंश तापमान पाहणाऱ्या नागपूर वा जयपूरच्या ग्राहकाने मोटारीच्या पडद्याचा आकार पाहण्याआधी बॅटरीचे रसायन व तिला थंड ठेवणारी यंत्रणा यांची चौकशी करावी.

तेलाच्या आयातीवरील अवलंबन कमी करताना खनिजांच्या आयातीवरील अवलंबन वाढू नये, ही चिंता रास्त आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले, तेव्हा भारतीय वाहन उद्योगाला त्याची झळ लागली. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियानास आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये चुंबकांच्या देशांतर्गत उत्पादनासाठी ७,२८० कोटी रुपयांच्या योजनेस मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, ती या पार्श्वभूमीवर. खनिज परदेश इंडिया लिमिटेड या शासकीय कंपनीने अर्जेंटिनातील कातामार्का प्रांतात लिथियमच्या पाच क्षेत्रांसाठी जानेवारी २०२४ मध्ये करार केला आहे. खाणीतून बॅटरीपर्यंतचा प्रवास मात्र काही वर्षांचा असतो.

सुरक्षिततेबाबत थोडक्यात. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या ‘भारत एनसीएपी’ चाचणीत नेक्सॉन ईव्हीने जून २०२४ मध्ये पाच तारे मिळविले. प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी तिला ३२ पैकी २९.८६ गुण आहेत. ‘ईएक्स ३०’चे पाच तारे ‘युरो एनसीएपी’चे आहेत. त्या चाचणीत पादचाऱ्यांचे संरक्षण व चालकाला साहाय्य करणाऱ्या यंत्रणा यांनाही स्वतंत्र गुण असतात. पल्ल्याप्रमाणे येथेही ताऱ्यांची सरळ तुलना करू नये. वेगदर्शकासह बहुतेक सर्व गोष्टी मधल्या एकाच पडद्यावर नेण्याची ‘ईएक्स ३०’ची रचना सर्वांनाच मानवेल असे नाही, चालकाची नजर रस्त्यावरून हटते, हा आक्षेप युरोपात गांभीर्याने घेतला गेला आहे.

पहिला मालक आणि दुसरा

चालविण्याच्या खर्चात विद्युत मोटारीचा वरचष्मा निर्विवाद आहे. घरगुती वीज युनिटला ९ रुपये धरल्यास ‘ईएक्स ३०’ला किलोमीटरमागे सुमारे १ रुपया ६० पैसे पडतात. २०२५ मधील मुंबईच्या, लिटरला सुमारे १०४ रुपये या पेट्रोलदराने तुलनेतील एसयूव्हीला ७ रुपये ४० पैसे लागतात. जलद चार्जिंग केंद्रावर युनिटला २० रुपये मोजावे लागले, तर विद्युत मोटारीचा खर्च साडेतीन रुपयांवर जातो. ज्याच्या इमारतीत चार्जिंगचा बिंदू बसविण्याची सोय नाही, त्याची निम्मीअधिक बचत टिकते, पण सोय राहत नाही.

बॅटरीवर ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी येईल तोवर हमी आहे. वर्षाला १२ हजार किलोमीटर धावणारी मोटार आठ वर्षांत ९६ हजार किलोमीटर पूर्ण करील, म्हणजे कर्बवायूच्या कर्जफेडीच्या मर्यादेत ती जेमतेम प्रवेश करील. पर्यावरणाचा खरा लाभ त्यापुढील वर्षांत, बहुधा दुसऱ्या मालकाच्या हाती असताना सुरू होतो. तेव्हा हमी संपलेली असेल आणि बॅटरीत किती दम उरला आहे, हे त्याला विक्रेत्याच्या शब्दावर मानावे लागेल. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांचे पुनर्चक्रण करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. बॅटरी निकामी झाल्यावरची ही तरतूद झाली. ती निकामी होण्याआधीची, आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंतची मोटार कोणाच्या भरवशावर चालावयाची, हे अद्याप ठरावयाचे आहे.